वजनकाटा, खोर ख्वैर

आधी रिकामा ट्रक, मग भरलेला,
मधली वजाबाकी म्हणजे माल.
एकोणीस वर्षं मी एवढंच करतो आहे
रास अल खैमाच्या उत्तरेला, जिथे डोंगर फोडून जहाजांत भरतात
आणि कुणाच्या तरी समुद्रात भराव घालतात.
पावतीखाली सही: इ. नाखवे.

शिरीन, तुझे तीन कागद
आठवडाभर या केबिनमध्ये आहेत,
एसीने उडू नयेत म्हणून वर खडीचा तुकडा.

पहिला दुबईचा. परदेशी विद्यापीठाची शाखा,
कागद इतका जाड की घडी बसत नाही.
वर्षाला बासष्ट हजार दिरहॅम, बस वेगळी.
माझा पगार तुला ठाऊक आहे,
व्हिसाच्या फॉर्मात तूच तो टाईप करतेस.
पण ते नाव!
शुक्रवारी नमाजानंतर मुकादमभाई विचारतील,
पोरीला कुठे घातलं,
आणि मला फक्त ते नाव उच्चारायचंय.
एकदाच. सावकाश.
खोटं कशाला बोलू, दाढी करताना उच्चारून पाहिलंय.

दुसरा पुण्याचा. अनिवासी कोटा, फी डॉलरमध्ये.
तुझी आई म्हणते, मधला बरा.
पुण्यात आपलं कोण आहे, विचारलं
तर म्हणते, दुबईत तरी कोण आहे.

तिसरा तू मागवलास, मला न विचारता.
रत्नागिरीकडचं मत्स्यशास्त्राचं कॉलेज.
फी इतकी कमी
की एखादं शून्य छापायचं राहिलं असं वाटलं.
इथे कुणी नावही ऐकलेलं नाही.
आणि मासे!
तुझ्या आजोबांनी होडी विकून मला विमानात बसवलं
ते हाताचा मासळीचा वास सुटावा म्हणून.
आता पोरगी फी भरून त्या वासाकडे निघाली.

बरं, तिथे तू राहिली आहेस कुठे?
दर दोन वर्षांनी तीन आठवडे,
आणि पाचव्या दिवशी विचारतेस, परतीचं तिकीट कधीचं.

पण पहाटेच्या लिलावाला तू माझ्याबरोबर येतेस,
हमूरचे कल्ले बोटाने उघडून
मलबारी विक्रेत्याला सांगतेस, हा कालचा.
आधी तो चिडायचा.
आता टोपली तुझ्यापुढे सरकवतो आणि गप्प उभा राहतो.
हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

काल गुलजमीनने ट्रक काट्यावर लावला, कागद बघितले.
म्हणाला, माझा थोरला पेशावरला मोठ्या कॉलेजात शिकला.
मग?
त्याने अंगठ्याने मागे दाखवलं.
मागच्या ट्रकात चष्मा लावलेला पोरगा
हॉर्न न वाजवता वाट बघत होता.
त्याचंही वजन केलं. अठ्ठावीस टन, माल धरून.
यातून काय घ्यायचं ते मला कळलं नाही,
गुलजमीनलाही माहीत नसावं.
त्याने चहा मागितला.

तू सहा वर्षांची होतीस, सुट्टीचा दिवस होता,
काट्यावर मधोमध उभी राहिलीस.
मी धावत आत येऊन पाहिलं: शून्य.
हा काटा पन्नास-पन्नास किलोंनी मोजतो,
त्याहून बारीक त्याला दिसत नाही.
तू उड्या मारल्यास. शून्य.
मग रडलीस.
मी कोरी पावती फाडून हाताने लिहिलं,
शिरीन नाखवे, अठरा किलो, निव्वळ.
अजून ती आईच्या डब्यात आहे, पासपोर्टांच्या खाली.

आज संध्याकाळी तू जेवण घेऊन आलीस,
काही न बोलता काट्यावर जाऊन उभी राहिलीस,
पिशवी मात्र बाहेर ठेवून.
पडद्यावर पन्नास.
किती? काचेपलीकडून विचारलंस.
शेहेचाळीस असशील फार तर.
वरचे चार काट्याने पदरचे घातले,
मोठ्या काट्यांची ती सवयच असते.

आत ये, म्हटलं.
डबा राहू दे. तो तिसरा कागद वाचून दाखव,
वसतिगृहात पाणी किती वाजता येतं
तिथपासून.